फिग्माची फाइल पुन्हा पुन्हा अडकते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

फिग्मा हे ब्राउझरमध्ये चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर. ‘फिग्मा स्लो झालंय’ या एका तक्रारीमागे निदान चार वेगळे दोष असतात, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असताना फाइलमधले लेअर (एकावर एक रचलेले घटक) साफ करत बसलात तर दिवस वाया जातो. फाइल फुगलेली असताना लॅपटॉपची रॅम वाढवली तर पैसे वाया जातात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. खालच्या बहुतेक चाचण्या फुकट आहेत आणि पहिल्या काही तर पाच मिनिटांत उरकतात.

लक्षणं

कॅनव्हास (काम करायचा पृष्ठभाग) सरकवताना किंवा झूम करताना चित्र झटके देत हलतं, आणि नव्या कोऱ्या फाइलमध्येही तेच होतं: ग्राफिक्सचा दोष.

नवी फाइल सुरळीत चालते, पण एक ठरावीक फाइल उघडायला फार वेळ घेते. कॉपी-पेस्टनंतर सगळं काही क्षण थिजतं, वर आधी पिवळी आणि मग लाल सूचना येते, शेवटी टॅब कोसळतो: मेमरी भरली आहे.

तुम्ही केलेला बदल तुम्हाला लगेच दिसतो, सहकाऱ्याला मात्र उशिरा. इतरांचे कर्सर मध्येच गायब होतात, फाइलच्या नावाजवळ बदल सेव्ह व्हायचे बाकी असल्याची खूण रेंगाळते: नेटवर्क.

एडिटरमध्ये सगळं छान, पण प्रोटोटाइप (स्क्रीन जोडून केलेला चालता नमुना) चालवला की स्क्रीन बदलताना अडखळतो आणि फोनवर तर जास्तच: प्रोटोटाइपची रचना.

एकाच फ्रेमजवळ (स्क्रीनच्या चौकटीजवळ) गेलं की अडकतं आणि तिथून दूर सरकलं की सुटतं: त्या फ्रेममधला एखादा अवजड व्हेक्टर (बिंदू आणि रेघांचं चित्र) किंवा ब्लर (धूसर करणारा इफेक्ट).

सकाळी बरी चालणारी फाइल दुपारपर्यंत जड होत असेल, तर तो सहसा मेमरीचाच प्रकार असतो. टॅब दिवसभर उघडा राहिला की त्यात साचत जातं.

सगळ्यात आधी: कॅश पुसू नका

काहीही बिघडलं की ‘कॅश क्लीअर कर’, म्हणजे ब्राउझरने साठवलेला डेटा पूस, हा सल्ला आपोआप येतो. इथे तो घातक ठरू शकतो. नेट तुटलेलं असताना केलेले बदल फिग्मा ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात ठेवतं आणि जोडणी परत आली की सर्व्हरवर पाठवतं. बदल वर जायच्या आत साइटचा डेटा पुसलात तर ते काम गेलं. परत मिळत नाही. फाइलच्या नावाजवळची बाकी बदलांची खूण गेली आहे आणि दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर ताजा बदल दिसतो आहे, एवढी खात्री पटल्याशिवाय कॅशला हात लावू नका. खरं तर पटल्यावरही सहसा गरज पडत नाही.

पाच मिनिटांच्या फुकट चाचण्या

नवी रिकामी फाइल उघडा. त्यात पाच-पन्नास चौकोन टाका आणि कॅनव्हास जोरात फिरवा. इथेही अडखळलं तर तुमची फाइल निर्दोष आहे, दोष मशीनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आहे. इथे सुरळीत चाललं तर थेट मेमरीच्या भागाकडे जा, मधलं वाचायची गरज नाही.

मग तीच जड फाइल ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. फरक पडला तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत दोषी शोधा. पानावरचा मजकूर तपासणारे किंवा स्क्रीन रेकॉर्ड करणारे एक्स्टेन्शन आधी पाहावेत.

फिग्माची खिडकी आकाराने अर्धी करून पाहणं ही चाचणी फारशी कुणी करत नाही, पण ती बरंच सांगून जाते. ३८४० × २१६० च्या मॉनिटरवर सुमारे ८३ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १९२० × १०८० वर सुमारे २१ लाख. म्हणजे काम चौपट. खिडकी लहान केल्याबरोबर हालचाल मऊ झाली तर अडचण ग्राफिक्सची आहे. काहीच फरक पडला नाही तर मेमरीकडे बोट जातं.

फिग्मात चालू असलेली प्लगइन (जोड-साधनं) बंद करा, फिग्माचे इतर टॅब बंद करा आणि फाइल रीलोड करा. रीलोडने तासाभरापुरतं बरं वाटलं आणि पुन्हा तेच सुरू झालं, तर तो इलाज झाला नाही, निदान झालं: मेमरी.

ग्राफिक्स

फिग्मा कॅनव्हास स्वतः रंगवतं, आणि त्यासाठी त्याला ब्राउझरमार्फत ग्राफिक्स कार्ड लागतं. ते मिळालं नाही तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. क्रोममध्ये सेटिंग्स, मग सिस्टम, तिथे ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन’चा पर्याय चालू आहे का पाहा. पूर्वीच्या आवृत्त्यांत त्याचं नाव ‘हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन’ होतं. तो चालू केल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो, नुसता टॅब रीलोड करून भागत नाही.

पर्याय चालू असूनही कार्ड वापरलं जात नसेल, तर क्रोमचं ‘जीपीयू’ नावाचं अंतर्गत पान उघडा. तिथे वेबजीएलच्या (ब्राउझरला ग्राफिक्स कार्ड वापरू देणाऱ्या तंत्राच्या) ओळीसमोर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेटेड’ असं असायला हवं. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ दिसलं तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) जुना आहे किंवा ब्राउझरने तो नाकारला आहे. रिमोट डेस्कटॉपवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर काम करणाऱ्यांना हेच बहुतेकदा दिसतं, आणि तिथे फाइल कितीही हलकी केली तरी झटके राहतात.

दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या विंडोज लॅपटॉपवर ब्राउझर अनेकदा कमी ताकदीच्या कार्डावर चालतो. सेटिंग्स, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन यादीत ब्राउझर (किंवा फिग्माचं डेस्कटॉप अ‍ॅप) निवडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. चार्जर लावून एकदा आणि काढून एकदा, असं दोन्हीकडे पाहा.

मेमरी: इथेच बहुतेक फाइली अडकतात

एका टॅबला किती मेमरी मिळणार याला ठरावीक मर्यादा असते, आणि ती तुमच्या मशीनच्या रॅमवर अवलंबून नसते. डेस्कटॉप अ‍ॅपही आतून ब्राउझरच आहे, म्हणून अ‍ॅपवर गेल्याने ही मर्यादा टळत नाही. ३२ जीबी रॅमच्या मशीनवरही फुगलेली फाइल तशीच कोसळते. नवं मशीन मागण्याआधी हे लक्षात घ्या.

अ‍ॅक्शन्सच्या शोधपट्टीत ‘मेमरी’ किंवा ‘रिसोर्स’ टाइप केलं की फाइल किती टक्के भरली आहे ते दाखवणारा पर्याय मिळतो. आकडा लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीनंतर तोच पुन्हा पाहायचा आहे. पिवळी सूचना आली तेव्हाच आवराआवर सुरू करावी. मर्यादा पूर्ण भरल्यावर फाइलला कुलूप लागतं, ती रिकव्हरी मोडमध्ये उघडते आणि मग काही तरी हटवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. त्या घाईत माणसं हमखास चुकीचं पान हटवतात.

दोषी पान शोधायची सरळ रीत अशी. फाइल डुप्लिकेट करा. डुप्लिकेटमधली निम्मी पानं हटवा, रीलोड करा, आकडा पाहा. रीलोड आवश्यक आहे, कारण हटवलेलं ‘अनडू’साठी (केलेलं मागे घेण्यासाठी) धरून ठेवलेलं असतं आणि तोपर्यंत आकडा खरा उतरत नाही. आकडा धाडकन उतरला तर भार हटवलेल्या अर्ध्यात होता, नाही तर उरलेल्यात. असं निम्मं-निम्मं करत गेलं की सोळा पानांच्या फाइलमध्ये चौथ्या फेरीला पान सापडतं. ही डुप्लिकेट फक्त चिरफाडीसाठी आहे. तिच्यात कम्पोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचे साचे) असतील तर ती चुकूनही लायब्ररी (इतर फाइलींना वापरता येणारा साच्यांचा संग्रह) म्हणून पब्लिश करू नका. जुन्या लायब्ररीशेजारी तशीच दिसणारी दुसरी उभी राहिली की ते निस्तरणं या सगळ्यापेक्षा कठीण.

हल्ली फिग्मा सगळी पानं एकदम न आणता लागतील तशी आणतं. त्यामुळे फाइल उघडताना हलकी वाटते आणि तीन-चार पानं फिरून आल्यावर जड होते. मोजताना सगळी पानं एकदा उघडून मग आकडा बघा, नाही तर फसाल.

पान सापडलं की आत साधारण तीन गुन्हेगार असतात.

*चित्रं.* स्वस्तात सुटणारा प्रकार. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो जेपीजी म्हणून दोन-तीन एमबीचा दिसतो, पण दाखवण्यासाठी उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. तोच फोटो २०० × १५० च्या कार्डात बसवायचा असेल तर दुप्पट रिझोल्यूशन धरूनही ४०० × ३०० पुरतो: अर्धा एमबीही नाही. फिग्मा मोठी चित्रं ४०९६ पिक्सेलपर्यंत आपोआप उतरवतं, त्याखाली मात्र जसं टाकाल तसं ठेवतं. क्रॉप केल्याने काही वाचत नाही, झाकलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. उपाय: कार्डातला फोटो २एक्सवर (दुप्पट आकारात) एक्सपोर्ट करा, मूळ फोटो हटवा, एक्सपोर्ट केलेलं चित्र परत टाका. फोटो शेकड्याने असतील तर चित्रं लहान करणारी प्लगइन आहेत, पण ती आधी डुप्लिकेटवर चालवा.

*लपवलेले लेअर.* डोळा मिटला की लेअर गेला, हा गैरसमज फार पक्का आहे. दिसत नसला तरी तो फाइलमध्ये असतो आणि मोजला जातो. सगळ्यात वाईट अवस्था तक्त्यांची होते. एकच ‘सेल’ कम्पोनंट बनवलेला असतो आणि त्यात मजकूर, बॅज, अवतार, चेकबॉक्स, तीन ठिपक्यांचा मेन्यू, प्रोग्रेस बार, सगळं भरून हवं ते दाखवायचं आणि बाकीचं लपवायचं अशी सोय केलेली असते. समजा त्यात ४० लेअर आहेत. १२ स्तंभ आणि ५० ओळींचा तक्ता म्हणजे ६०० सेल, म्हणजे २४,००० लेअर. प्रत्यक्षात प्रत्येक सेलमध्ये दिसतात तीन, म्हणजे १,८००. उरलेले २२,२०० लेअर कुणी कधी पाहतही नाही. असे चार स्क्रीन आणि प्रत्येकाच्या पाच आवृत्त्या झाल्या की हिशेब हाताबाहेर जातो.

इथे बूलियन प्रॉपर्टी (आहे-नाही असा खटका) वापरून सुटका होत नाही, कारण बूलियनही लेअर लपवतोच. पॅनल नीटनेटकं दिसतं, वजन तेवढंच. खरा उपाय ‘इन्स्टन्स स्वॅप’चा, म्हणजे कम्पोनंटची वापरलेली प्रत (इन्स्टन्स) बदलण्याचा: सेलमध्ये एकच रिकामी जागा ठेवा आणि तिथे हवा तो छोटा कम्पोनंट बदलून बसवा. किंवा मजकुराचा सेल, बॅजचा सेल, चेकबॉक्सचा सेल असे वेगळे कम्पोनंट करा. मला दुसरी रीत जास्त आवडते. नव्या माणसाला ती न सांगता कळते. आणि दाखवण्यासाठी ५० ओळी लागत नाहीत. १२ ओळींत स्क्रोलसुद्धा पटतो.

*व्हेरियंटचा गुणाकार.* व्हेरियंट म्हणजे एकाच कम्पोनंटची वेगवेगळी रूपं. बटणाचे ४ प्रकार, ५ अवस्था, ३ आकार, डावीकडे आयकॉन आहे-नाही, उजवीकडे आहे-नाही, उजळ आणि गडद थीम: ४ × ५ × ३ × २ × २ × २, म्हणजे ४८० व्हेरियंट. आयकॉनच्या दोन्ही बाजू प्रॉपर्टीवर टाका. इथे बूलियन चालतो, कारण लपतात ते दोनच छोटे लेअर. थीम २०२३ मध्ये आलेल्या व्हेरिएबल्सच्या, म्हणजे नाव दिलेल्या मूल्यांच्या, मोडवर सोपवा. उरतात ४ × ५ × ३, म्हणजे ६०. दिसणं तेच, बदल करायला ठिकाणं आठपट कमी. आकाराचाही व्हेरियंट व्हेरिएबलवर नेता येतो, पण तिथे मी थांबेन. पॅडिंग आणि फाँटचे इतके धागे बांधावे लागतात की दुसऱ्याला ती फाइल वाचताच येत नाही.

व्हेरियंट हटवण्याआधी एक गोष्ट बघा: ते कम्पोनंट पब्लिश झालेले आहेत का? असतील तर दुसऱ्या फाइलींतले इन्स्टन्स ज्या व्हेरियंटवर उभे आहेत तोच तुम्ही काढताय. हे काम लायब्ररी सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नये.

एकाच जागी अडकत असेल तर

बाहेरून आणलेले नकाशे, मंडलासारखी नक्षी, फोटोवरून ट्रेस केलेलं चित्र यांत हजारो बिंदू असतात, आणि झूम बदलला की ते पुन्हा आखावे लागतात. संशयित फ्रेम आउटलाइन (फक्त कडा दाखवणाऱ्या) दृश्यात पाहा. रेघांचं जाळं इतकं दाट असेल की काळा डाग दिसतोय, तर तोच चोर. व्हेक्टर म्हणून तो संपादित करायचा नसेल तर पीएनजी करून टाका. ‘फ्लॅटन’ने लेअरची संख्या घटते, बिंदूंची नाही, हा फरक लक्षात ठेवा.

इफेक्टमध्ये सगळ्यात महाग बॅकग्राउंड ब्लर, कारण मागचं काहीही हललं की तो नव्याने काढावा लागतो. त्याखालोखाल मोठ्या फ्रेमवरची मोठ्या पसाऱ्याची सावली. यादीतल्या प्रत्येक ओळीवर सावली देण्याऐवजी ती यादीच्या फ्रेमवर एकदाच द्या.

फाइल तोडणं

वरचं सगळं करूनही आकडा उतरत नसेल तर फाइल खरोखरच मोठी आहे. जुने प्रयोग आणि नाकारलेले पर्याय वेगळ्या संग्रह-फाइलमध्ये हलवा, चालू काम इथे ठेवा, कम्पोनंट स्वतंत्र लायब्ररीत न्या.

मुख्य कम्पोनंट हलवताना कॉपी नव्हे, कट करायचा. नव्या फाइलमध्ये पेस्ट करायचा आणि दोन्ही फाइली पब्लिश करायच्या, तरच आधीचे इन्स्टन्स नव्या घराशी जोडलेले राहतात. कॉपी केलात तर तयार होतो तो नवा कम्पोनंट, जुने इन्स्टन्स जुन्याशीच. आधी एकच बिनमहत्त्वाचा आयकॉन हलवून सगळी साखळी तपासा.

‘सेव्ह लोकल कॉपी’ने फिग फाइल उतरवून ठेवणं चांगलं, पण तिच्यात कमेंट आणि व्हर्जन हिस्टरी येत नाही. ती शेवटचा आधार, पूर्ण बॅकअप नव्हे.

प्रोटोटाइप

प्रोटोटाइपची जोडणी एकाच पानावरच्या फ्रेममध्ये होते, म्हणून माणसं सगळे प्रवाह एकाच पानावर रचत जातात. लॉगिन, खरेदी, प्रोफाइल असे प्रवाह वेगळ्या पानांवर ठेवा. फोनवर उघडताना फरक लगेच जाणवतो.

‘स्मार्ट अ‍ॅनिमेट’ दोन फ्रेममधले लेअर नाव आणि क्रमबद्ध रचना पाहून जुळवतो. एका फ्रेममध्ये लेअर ग्रुपच्या आत आणि दुसऱ्यात बाहेर असेल तर जुळणी तुटते आणि सरकण्याऐवजी तो विरघळतो. यालाच बरेच जण ‘अडखळणं’ म्हणतात, आणि वेगाशी त्याचा काही संबंध नसतो. आधी दोन्हीकडची नावं आणि रचना ताडून पाहा. खरंच संथ असेल तर हलणाऱ्या भागावरचा ब्लर काढा, मोठे जीआयएफ काढा, आणि होव्हरसाठी (कर्सर वर आल्यावरच्या बदलासाठी) अख्खी फ्रेम डुप्लिकेट करण्याऐवजी इंटरअ‍ॅक्टिव्ह कम्पोनंट वापरा.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

पेनपॉट या डिझाइन-सॉफ्टवेअरची रचना एसव्हीजीवर (व्हेक्टर चित्रांच्या फॉरमॅटवर) बेतलेली आहे, त्यामुळे तिथेही लेअरची संख्या आणि ब्लर लवकर जाणवतात. निम्मं-निम्मं करण्याची रीत तीच. स्केच मॅकवरचं स्थानिक अ‍ॅप असल्याने ब्राउझरच्या चाचण्या गळतात, पण तिथे एक मस्त सोय आहे: २०१७ च्या ४३ व्या आवृत्तीपासून स्केचची फाइल म्हणजे झिपच आहे. प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटी ‘.zip’ लावून उघडा, चित्रांचा फोल्डर आकारानुसार लावा. दोषी वरच बसलेला असतो.

कुठे थांबायचं

बदल सेव्ह व्हायचे बाकी असल्याची खूण जात नसेल आणि घरच्या किंवा फोनच्या नेटवर तीच फाइल लगेच सिंक होत असेल, तर ऑफिसचा फायरवॉल किंवा प्रॉक्सी वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) अडवतोय. सेटिंग्समध्ये धडपडू नका. ‘वेबसॉकेट जोडणी तुटते’ एवढ्या शब्दांत आयटी विभागाला कळवा. ‘नेट स्लो आहे’ म्हणालात तर ते स्पीड टेस्ट करून परत पाठवतील.

ड्रायव्हर नवा, अ‍ॅक्सेलरेशन चालू, तरी रिकाम्या फाइलमध्ये झटके येतात, पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात किंवा इतर अ‍ॅपही कोसळतात: मशीन तंत्रज्ञाकडे द्या. कंपनीचं मशीन असेल तर ड्रायव्हर स्वतः बदलूच नका.

फाइल रिकव्हरी मोडमध्येही उघडत नसेल, किंवा उघडल्यावर पानं रिकामी दिसत असतील, तर काहीही हटवू नका, ब्राउझर पुसू नका, ज्या मशीनवर शेवटचं काम झालं ते मशीन तसंच ठेवा. फिग्माच्या सपोर्टला फाइलची लिंक, बिघाडाची वेळ, ब्राउझरची आवृत्ती आणि ब्राउझरच्या कन्सोलमधल्या (चुका नोंदवणाऱ्या पॅनलमधल्या) लाल ओळींचा स्क्रीनशॉट पाठवा. त्याआधी फिग्माचं स्टेटस पान बघा. सेवाच बंद असेल तर वाट पाहण्यापलीकडे काही करायचं नसतं.